दिसणारा क्रम आणि वाचायचा क्रम

उर्दू माध्यमाच्या शाळेतील फळा कधी लक्ष देऊन पाहिला आहे का? शिक्षक फळ्याच्या उजव्या कडेपासून लिहायला लागतात आणि हात डावीकडे सरकत जातो. वाक्यात मध्येच १९४७ सारखा आकडा आला, की हात थोडी जागा सोडून डावीकडे उडी घेतो, आकडा डावीकडून उजवीकडे लिहितो आणि मग आकड्याच्या डाव्या बाजूला जाऊन वाक्य पुढे सुरू करतो. लिहिणाऱ्याला यात काहीच विशेष वाटत नाही. अरबी, फार्सी, उर्दू, हिब्रू लिहिणारी मुले ही उडी लहानपणीच शिकतात. यंत्राला ती शिकवायला मात्र बराच काळ लागला, आणि आजही अनेक आज्ञावल्या तिथेच अडखळतात.

याचा आपल्याशी काय संबंध? आज परीक्षेचे प्रवेशपत्र, गुणपत्रिका, शिष्यवृत्तीचे पत्र अशी कितीतरी कागदपत्रे वेबसाइटवर तयार होतात. आपण नाव आणि क्रमांक भरतो, कळ दाबतो आणि काही क्षणांत एक पीडीएफ फाइल हाती येते. आपल्या राज्यात उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत, बालभारती उर्दूतूनही पाठ्यपुस्तके काढते. तेव्हा असे पत्र उर्दूतून हवे, ही मागणी अगदी साधी आहे. पण ज्या आज्ञावलीला उजवीकडून डावीकडचे लेखन कळत नाही, तिच्याकडून आलेल्या कागदावर अक्षरे सुटी सुटी पडतात, घर क्रमांक १२५ चा ५२१ होतो, वाक्याचा शेवट पहिल्या ओळीत जाऊन बसतो. आणखी एक प्रकार यापेक्षा फसवा आहे. कागद दिसतो अगदी बरोबर, पण त्यात विद्यार्थ्याचे नाव शोधायला गेले तर सापडत नाही.

असे का होते, हे समजून घ्यायचे तर लेखनाची यंत्रे कशी घडत गेली हे पाहावे लागेल.

खिळे, शिळा आणि कातिब

दिशेची अडचण छापखान्यात फारशी जाणवली नव्हती. हिब्रू भाषेतील, ज्यावर छपाईची तारीख आहे असे सर्वांत जुने पुस्तक १४७५ साली इटलीत छापले गेले. अरबी खिळ्यांनी छापलेले पहिले पुस्तक, अरबी बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांसाठीचे प्रार्थनापुस्तक, हेही इटलीतलेच. फानो या गावाचे नाव आणि १५१४ हे साल त्यावर आहे. इस्तंबूलमध्ये इब्राहिम म्युतेफेरिका यांना छापखान्याची परवानगी १७२७ साली मिळाली आणि १७२९ मध्ये त्यांचे पहिले पुस्तक, एक शब्दकोश, बाहेर पडले. या सर्व ठिकाणी खिळे जुळवणारा माणूस होता. आकडा कुठून सुरू करायचा, ओळ कुठे तोडायची, हे ज्ञान त्याच्या डोक्यात होते. यंत्राने फक्त दाब द्यायचा होता.

अडचण होती ती अक्षरांच्या रूपांची. हिब्रूची अक्षरे सुटी लिहिली जातात. अरबीची अक्षरे मात्र एकमेकांना जोडून लिहायची असतात. अरबीत २८ अक्षरे आहेत. बहुतेक अक्षरांची चार रूपे होतात: एकटे असताना एक, शब्दाच्या आरंभी दुसरे, मध्ये तिसरे आणि शेवटी चौथे. अलिफ, दाल, रे, वाव अशी सहा अक्षरे पुढच्या अक्षराला जोडली जात नाहीत, म्हणून त्यांना दोनच रूपे पुरतात. आपल्याकडे 'क' चा अर्धा 'क्' होतो, तसाच हा प्रकार समजा. फरक इतकाच, की तिथे तो जवळजवळ प्रत्येक अक्षराला आणि प्रत्येक शब्दात लागू होतो. त्यामुळे अरबी जुळाऱ्याच्या पेटीत शेकडो खिळे लागत.

उर्दूची गोष्ट याहून अवघड. उर्दू लिहिली जाते ती नस्तालिक या वळणात. या वळणात शब्द उजवीकडे वर सुरू होतो आणि डावीकडे खाली उतरत येतो. एखादे अक्षर किती उंचीवर बसणार, हे त्याच्या पुढे किती अक्षरे जोडायची आहेत यावर ठरते. ही उतरण सरळ ओळीत बसवलेल्या खिळ्यांनी साधेना. म्हणून एकोणिसाव्या शतकात फार्सी आणि उर्दू मजकुरासाठी शिळाप्रेस फार सोयीचा ठरला. आपल्याकडे गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापले होते. मराठी छपाई पुढे खिळ्यांकडे वळली. उर्दू छपाई मात्र हस्तलेखनाशी बांधलेली राहिली. विसाव्या शतकातही उर्दू वृत्तपत्राच्या कचेरीत कातिब, म्हणजे सुंदर हस्ताक्षरात मजकूर उतरवणारे लेखनिक, रोजचा अंक हाताने लिहीत आणि त्यावरून छपाई होई.

हा क्रम मोडला १९८१ साली. पाकिस्तानातील सुलेखनकार मिर्झा अहमद जमील यांनी जोडाक्षरसमूहांची सुमारे २०,००० चित्रे काढली. ब्रिटनमधील मोनोटाइप कंपनीच्या लेसर अक्षरजुळणी यंत्रात ती भरली गेली. या वळणाला नूरी नस्तालिक असे नाव मिळाले आणि लाहोरच्या 'जंग' दैनिकाची जुळणी त्यात होऊ लागली. काम प्रचंड होते आणि फळही तसेच मिळाले. पण ही पद्धत नीट पाहा. अक्षरे जोडण्याचे नियम यंत्राला शिकवण्याऐवजी, जोडून झालेली सगळी चित्रे त्याला देऊन टाकली होती. दिसण्याचा प्रश्न सुटला होता. मजकूर साठवायचा कसा, हा प्रश्न वेगळाच होता.

संगणकाने काय साठवायचे?

टंकलेखन यंत्रापासून सुरुवात करू. अरबी किंवा हिब्रू टंकलेखन यंत्राचा गाडा इंग्रजी यंत्राच्या उलट दिशेला सरकतो. तो एकाच दिशेने सरकतो, म्हणून १२५ हा आकडा हवा असेल तर एक तर आधी ५, मग २, मग १ अशा कळा दाबायच्या, नाहीतर जागा सोडून पुढे जायचे आणि मागे येत आकडा भरायचा. कोणत्याही मार्गाने गेलो, तरी कागदावर उमटते ते १२५. कळा कोणत्या क्रमाने दाबल्या हे कागद लक्षात ठेवत नाही, आणि कागदावर त्याची गरजही नसते.

संगणक मात्र क्रम लक्षात ठेवतो. किंबहुना मजकुराच्या बाबतीत तो एवढेच लक्षात ठेवतो. प्रत्येक अक्षराला एक संकेतांक असतो आणि मजकूर म्हणजे अशा संकेतांकांची रांग. मग रांग कोणत्या क्रमाने लावायची?

सुरुवातीचे पडदे आणि छपाई यंत्रे डावीकडून उजवीकडेच अक्षरे काढत. त्यामुळे इस्रायलमध्ये हिब्रू मजकूर साठवताना सोपी वाट धरली गेली. पडद्यावर डावीकडून जे अक्षर पहिले दिसायला हवे, ते रांगेतही पहिले ठेवायचे. म्हणजे शब्द उलटा साठवायचा, की तो आपोआप सुलटा दिसतो. याला आपण 'दिसणारा क्रम' म्हणू. वेबच्या सुरुवातीच्या काळात हिब्रूची अनेक पाने अशीच लिहिलेली असत.

ही युक्ती चालते, पण पडद्याची रुंदी बदलेपर्यंतच. रुंदी कमी केली की ओळी नव्या जागी तुटतात आणि उलटा साठवलेला परिच्छेद विस्कटतो. शब्द शोधायचा तर आधी तो उलटा करून शोधावा लागतो. अकारविल्हे यादी करायची तर शब्दाच्या शेवटच्या अक्षरावरून लागते.

दुसरी वाट अशी, की माणूस ज्या क्रमाने वाचतो त्याच क्रमाने अक्षरे साठवायची. शब्दातले पहिले अक्षर रांगेत पहिले. ते पडद्यावर कुठे आणि कोणत्या रूपात दिसेल, हे दाखवण्याच्या वेळी यंत्राने ठरवायचे. याला 'वाचायचा क्रम' म्हणू. झेरॉक्स कंपनीतील जोसेफ बेकर यांनी १९८४ साली 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात बहुभाषी लेखनावर लेख लिहून ही दिशा समजावून सांगितली. मजकूर वेगळा आणि त्याचे दिसणे वेगळे, हा त्यांचा मूळ विचार. १९८७ च्या आंतरराष्ट्रीय अरबी संकेतमानकातही एका अक्षराला एकच संकेतांक दिला गेला. चार रूपांना चार नाही. भारतात देवनागरी आणि इतर लिप्यांसाठी इस्की हे मानक १९८८ मध्ये आले आणि १९९१ मध्ये ते भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाले. तेही याच मार्गाचे. बेकर यांनी पुढे १९८८ साली युनिकोडचा आराखडा मांडला. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली तेव्हा अरबी, हिब्रू आणि देवनागरी या तिन्ही लिप्या त्यात वाचायच्या क्रमाने आल्या.

सम-विषमाची युक्ती

आता वाचायच्या क्रमापासून दिसणारा क्रम काढायचा कसा? गणिताच्या शिक्षकांना हा भाग आवडेल.

टेक ही अक्षरजुळणीची आज्ञावली तयार करणारे डोनाल्ड क्नुथ आणि अभिजात भाषांचे अभ्यासक पिअर मॅके यांनी १९८७ साली या प्रश्नावर एक लेख लिहिला. एकाच ओळीत उजवीकडून आणि डावीकडून चालणारे मजकूर मिसळले, तर काय करायचे? त्यांच्या आणि इतरांच्या कामातून जी रीत पुढे युनिकोडने तपशिलाने पक्की केली, तिचा गाभा असा: प्रत्येक अक्षराला एक पातळी द्यायची. डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या मजकुराची पातळी सम, उजवीकडून डावीकडे जाणाऱ्याची विषम. मग सर्वांत वरच्या पातळीपासून सुरुवात करून, त्या पातळीचे आणि तिच्याहून वरचे सलग तुकडे उलटायचे आणि एकेक पातळी खाली यायचे.

एक उदाहरण घेऊ. आपण उर्दू अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरे वापरू आणि ती उजवीकडून डावीकडे लिहायची आहेत असे मानू. वाचायचा क्रम असा आहे:

रहमत नगर १२५ बस

अक्षरांची पातळी १, आकड्याची पातळी २. प्रथम पातळी २ चा तुकडा उलटला. १२५ चे ५२१ झाले. मग पातळी १ आणि तिच्यावरचे सगळे, म्हणजे पूर्ण ओळ, उलटली. डावीकडून पाहिले तर आता ओळ अशी दिसते:

सब १२५ रगन तमहर

उजव्या कडेपासून वाचा: रहमत नगर, मग १२५, मग बस. आकडा दोनदा उलटला, म्हणून सुलटा राहिला. अक्षरे एकदाच उलटली, म्हणून उलट दिशेला गेली. फळ्यावरच्या शिक्षकांचा हात जी उडी घेतो, ती इथे सम आणि विषम यांच्या हिशेबात बसली. ज्याने पातळ्यांचा विचार न करता सगळी ओळ एकदाच उलटली, त्याच्या हाती 'सब ५२१ रगन तमहर' येते. शब्द बरोबर, घर क्रमांक चुकीचा. वाचणाऱ्याच्या हे लक्षातही येणार नाही, कारण ५२१ हाही एक आकडाच आहे. पत्ता, जन्मतारीख किंवा गुण असतील तर याचा अर्थ काय होतो हे सांगायला नको.

आणखी एक बारकावा आहे. उलटायचे ते ओळी तोडून झाल्यावर. सहा शब्दांचे वाक्य घ्या, शब्दांना १ ते ६ क्रमांक द्या, आणि एका ओळीत तीनच शब्द मावतात असे समजा. आधी ओळी तोडल्या, मग प्रत्येक ओळ उलटली, तर डावीकडून पाहता पहिली ओळ '३ २ १' आणि दुसरी '६ ५ ४' अशी होते. उजवीकडून वाचले की वाक्य जुळते. आधी पूर्ण वाक्य उलटून मग ओळी तोडल्या, तर पहिली ओळ '६ ५ ४' आणि दुसरी '३ २ १' अशी येते. वाचणारा उजवीकडून चौथ्या शब्दापासून वाचू लागतो आणि वाक्याची सुरुवात त्याला दुसऱ्या ओळीत भेटते. क्रिया त्याच दोन, क्रम बदलला की उत्तर बदलते.

एका घरातून निघालेल्या दोन वाटा

इथवर मजकुराची बाजू झाली. आता पानाची बाजू पाहू. गंमत अशी, की तिचाही उगम झेरॉक्स कंपनीतच आहे.

जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की हे कॅलिफोर्नियातील झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात काम करत होते. पानावर काय कुठे उमटवायचे याचे अचूक वर्णन करणारी एक संगणकीय भाषा त्यांच्या गटाने तयार केली होती. कंपनी ती बाजारात आणत नाही असे दिसल्यावर दोघे बाहेर पडले आणि १९८२ मध्ये त्यांनी अडोबी कंपनी काढली. १९८४ साली त्यांची पोस्टस्क्रिप्ट भाषा आली. १९९१ मध्ये वॉर्नॉक यांनी 'कॅमेलॉट' नावाच्या प्रकल्पाचे टिपण लिहिले. कोणत्याही संगणकावर उघडा, कोणत्याही यंत्रावर छापा, पान जसेच्या तसे दिसले पाहिजे, ही त्यातली कल्पना. तिच्यातूनच जून १९९३ मध्ये पीडीएफ जन्माला आले.

'पान जसेच्या तसे' हे शब्द महत्त्वाचे आहेत. पीडीएफ फाइलच्या आत डोकावले तर परिच्छेद किंवा वाक्य असे काही बहुधा सापडत नाही. सापडतात त्या सूचना: अमुक फाँट घे, अमुक आकार ठेव, या बिंदूपासून ३६ क्रमांकाचे चित्र, मग ७ क्रमांकाचे, मग ११२ क्रमांकाचे. ही जुळून तयार झालेल्या पानाची नोंद असते. नूरी नस्तालिकच्या यंत्राचीही भूमिका अशीच होती.

चित्रे ओळीने ठेवण्यासाठी पीडीएफला दोनच दिशा ठाऊक आहेत: डावीकडून उजवीकडे, आणि चिनी-जपानी लेखनासाठी वरून खाली. उजवीकडून डावीकडे अशी दिशा त्यात नाही. याला दोष म्हणता येणार नाही. पान जुळून झाल्यावर चित्र कुठे आहे एवढेच सांगायचे असते. ते आधी ठेवले की नंतर, याने दिसण्यात फरक पडत नाही. हिब्रू शब्दाची अक्षरे डावीकडून काढत गेले तरी पान तेच दिसते.

अशा या दोन वाटा. एक मजकूर वाचायच्या क्रमाने जपते, दुसरी पान दिसणाऱ्या रूपात जपते. इंग्रजी लेखनात दोन्ही क्रम बहुतेक वेळा एकच असतात, म्हणून फरक कुणाला जाणवत नाही. उर्दूचे पान आले की दोन्ही वाटा किती दूर गेल्या आहेत ते दिसते.

वेबमागचा छापखाना

वेबच्या पानांना मजकुराची दिशा सांगण्याची सोय १९९७ मध्ये एचटीएमएलच्या चौथ्या आवृत्तीत आली. ब्राउझर हळूहळू पातळ्यांचा हिशेब आणि अक्षरांची जोडणी शिकले. आज उर्दू वृत्तपत्राचे संकेतस्थळ उघडले तर ते सहसा नीट दिसते.

पण गुणपत्रिका तयार करण्याचे काम अनेकदा ब्राउझर करत नाही. ते दूरच्या संगणकावरची एक छोटी आज्ञावली करते. नाव आणि गुण घ्यायचे, साच्यात भरायचे, पीडीएफ तयार करायची. अशा कित्येक आज्ञावल्या इंग्रजीसारख्या लेखनासाठी रचलेल्या होत्या. अक्षरांची रांग आली, की एकामागून एक चित्र डावीकडून मांडत जायचे. उर्दू नाव दिले तर अक्षरे सुटी आणि उलट्या क्रमाने पडतात.

यावर एक तात्पुरता उपाय रूढ झाला. जुन्या यंत्रणांशी जुळवून घेता यावे म्हणून युनिकोडमध्ये अरबी अक्षरांच्या चारही रूपांना वेगळे संकेतांकही ठेवलेले आहेत. मजकूर आज्ञावलीला देण्यापूर्वी प्रत्येक अक्षराच्या जागी त्याचे योग्य रूप घालायचे आणि मग सगळी रांग उलटी करायची. एका ओळीतले नाव यामुळे छान दिसते. आकडा आला, की १२५ चा ५२१ होण्याचा धोका. परिच्छेद आला, की शेवट पहिल्या ओळीत. आणि फाइलमध्ये उरते ती उलटी रांग. हिब्रूच्या सुरुवातीच्या दिवसांतला तोच 'दिसणारा क्रम' मागच्या दाराने परत येतो.

नीट रीत लांबची आहे. आधी परिच्छेदाच्या पातळ्या ठरवायच्या. मग फाँटमधील नियम वापरून प्रत्येक अक्षराचे रूप निवडायचे आणि त्याची रुंदी काढायची. मग ओळी तोडायच्या. मग प्रत्येक ओळीचा क्रम लावायचा. कंसांची तोंडे फिरवायची, कारण उघडणारा कंस आता उजवीकडे असतो. आणि शेवटी चित्रे जागेवर ठेवायची. रूप निवडण्याचे काम करणारी हार्फबझ नावाची एक मुक्त आज्ञावली आज अनेक ब्राउझरमध्ये असते. तिचे नाव फार्सी आहे. हर्फ म्हणजे अक्षर आणि बाज म्हणजे खुले. हे सारे ब्राउझरला येत असल्यामुळे, पडद्याविना चालणारा ब्राउझर दूरच्या संगणकावर बसवून त्याच्याकडूनच पीडीएफ छापून घ्यायची, हा मार्ग अनेकांनी धरला आहे.

परतीची वाट

एवढे केले, कागद निर्दोष दिसला, तरी काम अर्धेच झाले असू शकते. मजकुरापासून चित्रांपर्यंत आपण आलो. चित्रांपासून मजकुराकडे परत जाता येते का?

अंध विद्यार्थ्याचा संगणक पीडीएफ मोठ्याने वाचून दाखवतो, तेव्हा त्याला पानावरचे चित्र पाहून भागत नाही. ३६ क्रमांकाचे चित्र म्हणजे कोणते अक्षर हे कळावे लागते. हजारो पानांच्या निकालातून एक नाव शोधतानाही तेच. यासाठी १९९६ च्या आवृत्तीत पीडीएफमध्ये चित्र क्रमांकापासून युनिकोड संकेतांकाकडे नेणारी सारणी ठेवण्याची सोय झाली. २००१ च्या आवृत्तीत आणखी एक सोय आली: चित्रांच्या एखाद्या गटाला 'याचा खरा मजकूर हा' अशी चिठ्ठी जोडता येऊ लागली. उलट क्रमाने ठेवलेल्या अक्षरांवर तशी खूण करण्याची तरतूदही आहे. २००८ मध्ये पीडीएफ आंतरराष्ट्रीय मानक झाले, तेव्हा या तरतुदी त्यात होत्या. पण त्या वापरणे फाइल तयार करणाऱ्यावर अवलंबून असते. सारणी भरली नाही तरी पान सुंदरच दिसते. म्हणूनच हा दोष वर्षानुवर्षे लपून राहू शकतो.

दिसणे आणि असणे यांतल्या फटीचा गैरवापरही होतो. केंब्रिज विद्यापीठातील निकोलस बाउचर आणि रॉस अँडरसन यांनी २०२१ मध्ये एक गोष्ट दाखवून दिली. लेखनाची दिशा बदलणाऱ्या अदृश्य खुणा आज्ञावलीत पेरल्या, तर तपासणाऱ्याला पडद्यावर एक क्रम दिसतो आणि संगणक दुसराच क्रम पाळतो.

आपलीच वेलांटी

हे सगळे उर्दू-अरबीपुरतेच आहे असे वाटत असेल तर 'विद्यार्थी' हा शब्द घ्या. वाचायच्या क्रमाने त्याचे संकेतांक दहा: व, ह्रस्व वेलांटी, द, हलन्त, य, काना, र, हलन्त, थ, दीर्घ वेलांटी. आता शब्दाचे चित्र पाहा. ह्रस्व वेलांटी 'व' च्या आधी आली आहे. 'थ' च्या आधी उच्चारला जाणारा 'र' रफार होऊन शब्दाच्या अगदी टोकाला, दीर्घ वेलांटीच्याही वर जाऊन बसला आहे. देवनागरी डावीकडून उजवीकडे जाते खरी, पण तिच्यातही दिसणारा क्रम आणि वाचायचा क्रम वेगळे आहेत.

मराठी पीडीएफमधील मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला, की वेलांट्या भलत्याच अक्षरांना चिकटलेल्या आणि रफार हरवलेले दिसतात, याचा अनुभव अनेकांना असेल. त्याचे कारण हेच. १९९० च्या दशकात डीटीपीसाठी वापरल्या गेलेल्या अनेक मराठी फाँटमध्ये तर अक्षरांच्या तुकड्यांची चित्रेच इंग्रजी अक्षरांच्या जागी भरलेली होती. त्या काळातल्या फायलींत 'विद्यार्थी' असा शब्द नाहीच. आहेत त्या इंग्रजी अक्षरांच्या अर्थहीन माळा, ज्या त्या फाँटखाली मराठी दिसतात. १९९४ साली भारतात तयार झालेल्या इनपेज या उर्दू जुळणीच्या आज्ञावलीच्या आरंभीच्या आवृत्त्यांतही मजकूर स्वतःच्या वेगळ्या संकेतांत साठवला जाई. दोन शेजारी भाषा, एकच दुखणे. फाँट किंवा आज्ञावली हाताशी नसेल, तर त्या काळचा पुष्कळसा मजकूर आज नव्याने टंकलिखित करावा लागतो.

वर्गात करून पाहण्यासारखे

आठवी-नववीच्या वर्गात दोन तासिकांत हा विषय घेता येईल. 'विद्यार्थी' चे दहा घटक दहा चिठ्ठ्यांवर लिहा आणि दहा मुलांना द्या. प्रथम उच्चाराच्या क्रमाने उभे राहायला सांगा, मग चित्रात दिसतात त्या क्रमाने. कोण जागा बदलतो, दुसऱ्या रांगेत कोण दिसेनासाच होतो (हलन्त कुठे गेले?), हे मुलांनाच शोधू द्या. मग रहमत नगरचे उदाहरण फळ्यावर घ्या. मुलांनी स्वतः पातळ्या लिहाव्यात आणि तुकडे उलटावेत. उर्दू माध्यमाची शाळा जवळ असेल तर तिथल्या मुलांना बोलवा. आकडा आला की हात कसा उडी घेतो ते ती लिहून दाखवतील, आणि कोणाला कोणाकडून शिकायचे आहे तेही स्पष्ट होईल.

शेवटचा प्रयोग शाळेच्या कार्यालयातला. संगणकावर असलेली निकालाची किंवा परिपत्रकाची कोणतीही पीडीएफ उघडा. त्यात दिसणारे एखादे नाव शोधचौकटीत टंकलिखित करून शोधा. मग दोन ओळी उचलून साध्या मजकुराच्या फाइलमध्ये चिकटवा आणि अक्षर न् अक्षर ताडून पाहा. नाव सापडले नाही किंवा ओळी विस्कटल्या, तर त्या फाइलमध्ये पान आहे, मजकूर नाही. ती ज्यांच्याकडून आली त्यांना तसे लेखी कळवावे आणि मजकूर युनिकोडमध्ये, शोधता येईल असा द्यावा अशी मागणी करावी. पुढच्या वर्षी त्याच यादीत आपले नाव ऐकू पाहणारा एखादा अंध विद्यार्थी असू शकेल.